न दिसणारी गाठ : स्पायजेलियन हर्निया आणि त्याची शस्त्रक्रिया

प्रस्तावना

हर्निया म्हटले की जांघ नाहीतर बेंबी, एवढेच आपल्याला माहीत असते. जांघेत गोळा येतो, उभे राहिले की दिसतो, आडवे झाले की आत जातो. त्याचे निदान घरातली म्हातारी माणसेसुद्धा करतात. हे पुस्तक ज्या हर्नियाविषयी आहे तो इतका सरळ नाही. बेंबीच्या खाली, मधल्या रेषेपासून थोडा बाजूला, पोटाच्या भिंतीच्या थरांमध्ये तो दडून बसतो. सर्वांत वरचा थर शाबूत असल्यामुळे बाहेर फुगवटा दिसेलच असे नाही. रुग्ण बोट ठेवून सांगतो, ‘इथं दुखतंय’, आणि त्या बोटाखाली हाताला काहीच लागत नाही. याला स्पायजेलियन हर्निया म्हणतात. पोटाच्या भिंतीच्या सर्व हर्नियांमध्ये त्याचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के धरले जाते.

एक-दोन टक्के म्हटल्यावर पुस्तक बाजूला ठेवण्याचा मोह होईल. पण हर्निया हा मुळातच इतका सर्रास आढळणारा आजार आहे की त्याचा एक टक्काही थोडाथोडका नसतो. जगभरात केवळ जांघेच्या हर्नियाच्याच शस्त्रक्रिया दरवर्षी २ कोटींहून अधिक होतात. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४५ लाखांच्या वर होती. पश्चिमेच्या अकोले तालुक्यापासून आग्नेयेच्या जामखेडपर्यंत १४ तालुके. यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी वर्षाला शंभरेक हर्निया करणाऱ्या सर्जनच्या वाट्याला असा एखादा-दुसरा रुग्ण यायला हवा. तो आलेला कळतो का, हा खरा प्रश्न आहे.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : स्पायजेलियन हर्नियाची शस्त्रक्रिया अवघड नाही. छिद्र लहान असते, त्याची जागा बहुधा ठरलेली असते आणि ते बुजवण्याच्या पद्धती हाताखालून गेलेल्या आहेत. अवघड आहे ते वेळेवर संशय येणे. ‘दुर्मीळ’ असा शिक्का बसलेला आजार डॉक्टरच्या यादीत शेवटी जातो. यादीत शेवटी असलेला आजार शोधला जात नाही, आणि न शोधल्यामुळे तो आणखी दुर्मीळ ठरतो. हे चक्र मोडायचे तर जिल्हा रुग्णालयातल्या सर्जनइतकीच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला, परिचारिकेला आणि गावातल्या आशाताईला या आजाराची तोंडओळख हवी. म्हणून हे पुस्तक मराठीत आहे.

आधी थोडा इतिहास. आद्रियान फान दन स्पीगल (१५७८–१६२५) हे ब्रसेल्सचे. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात ते शरीररचनाशास्त्र शिकवत. पोटाच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत उतरणारी चंद्रकोरीसारखी वळलेली एक रेषा असते. तिचे नीट वर्णन त्यांनी केले. या रेषेलगत होणारा हर्निया मात्र त्यांनी वर्णिलेला नाही. त्याचे पहिले वर्णन १७६४ मध्ये योसेफ क्लिंकोश यांनी केले, पण नाव टिकले ते रेषेच्या मालकाचे. पुढे दोनशे वर्षे हा हर्निया म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यातली दोन वाक्ये होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनचे सर्जन लीफ स्पांगेन यांनी त्याचा चिकाटीने अभ्यास केला, तो पोटाच्या नेमक्या कोणत्या पट्ट्यात होतो हे दाखवून दिले आणि सोनोग्राफीने तो शोधता येतो हेही मांडले. त्यानंतर निदानांची संख्या वाढू लागली. सीटी स्कॅन सर्रास झाल्यावर ती आणखी वाढली.

हा हर्निया समजायचा तर पोटाची भिंत समजली पाहिजे. पुढच्या बाजूला मध्यभागी दोन सरळ स्नायू बरगडीपासून खाली उतरतात. त्यांच्या दोन्ही अंगांना तीन स्नायू एकावर एक पसरलेले असतात : वर बाह्य तिरका, त्याखाली अंतःस्थ तिरका आणि सर्वांत आत आडवा. मध्याकडे येता येता हे तिन्ही स्नायू मांसल राहत नाहीत, त्यांचे पांढरे, चिवट पापुद्रे होतात आणि ते सरळ स्नायूला पुढून-मागून आवरण घालतात. आडव्या स्नायूचे मांस जिथे संपते ती चंद्रकोर रेषा. त्या रेषेपासून सरळ स्नायूच्या कडेपर्यंतची पापुद्र्याची चिंचोळी पट्टी म्हणजे या हर्नियाची जागा.

ही पट्टी वरपासून खालपर्यंत सारखी कमकुवत नसते. कमरेच्या दोन्ही हाडांची पुढची टोके हाताला लागतात. ती जोडणारी एक आडवी रेषा मनात ओढावी. तिच्या वर साधारण ६ सेंटीमीटर रुंदीचा जो पट्टा येतो, त्यात दहातले नऊ स्पायजेलियन हर्निया सापडतात. तिथे पापुद्रा सर्वांत रुंद असतो. वरच्या भागात आतल्या दोन थरांचे धागे एकमेकांना छेद देत जातात, म्हणून वीण घट्ट राहते. इथे मात्र ते जवळजवळ समांतर धावतात आणि ताण आला की विलग होऊ शकतात. शिवाय याच सुमारास सरळ स्नायूचे मागचे आवरणही संपते. अशा ठिकाणी आतल्या दोन थरांना फट पडते. प्रथम चरबीचा गोळा तीत शिरतो, त्याच्यामागून पोटाचे अस्तर ओढले जाते आणि पिशवी तयार होते. बाहेरचा तिरका स्नायू तिला वर येऊ देत नाही, म्हणून ती त्याच्याखाली आडवी पसरते. बांधाच्या पोटातून पाणी पाझरत राहावे आणि वरची माती कोरडीच दिसावी, तसा हा प्रकार. पाझर जिथे दिसतो तिथेच भगदाड असेल असे नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. या पिशवीचेही तसेच आहे. पसरून ती छिद्रापासून दूरही जाते, आणि दुखते एकीकडे, फट असते दुसरीकडे.

हा आजार बहुधा चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान दिसतो, स्त्रियांमध्ये किंचित जास्त. वारंवारची बाळंतपणे, स्थूलपणा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठामुळे कुंथणे, लघवीला जोर लावावा लागणे, पोटावर आधी झालेली शस्त्रक्रिया, या सगळ्यांनी पोटातला दाब वाढतो किंवा भिंत कमजोर होते. लहान बाळांतही तो क्वचित आढळतो. मुलग्यांत त्याच बाजूचा अंडकोष खाली उतरलेला नसणे ही त्याच्याबरोबरची ठळक खूण. जड ओझ्याबद्दल लोक हटकून विचारतात. ओझे हे एकटे कारण क्वचितच असते. कमजोर जागा आधीच असते, ओझे तिला निमित्त पुरवते.

ओझ्याचा विषय नगर जिल्ह्यात टाळता येत नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास उभा राहिला. त्यानंतर जिल्हाभर कारखान्यांची रांग लागली. या जिल्ह्याच्या एका अंगाला उसाचे हिरवे पट्टे आहेत, तर दुसऱ्या अंगाला पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा कोरडवाहू भाग. या भागातून आणि शेजारच्या बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची, हे हंगाम संपेपर्यंत. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा माणसाला बेंबीच्या खाली एका बाजूला टोचल्यासारखे दुखते, वाकून उठताना वाढते, रात्री पाठ टेकली की थांबते. तो ते दुखणे अंगावर काढतो. दवाखान्यात गेलाच तर आडवा झाल्यावर दुखणे थांबलेले असते, पोट मऊ लागते आणि तो गोळ्या घेऊन परत येतो.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे. ओटीपोटात दुखते म्हटले की सगळे खापर गर्भाशयावर फुटते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती बातमी महाराष्ट्राने वाचली आहे. त्या प्रकरणाचा या हर्नियाशी थेट संबंध जोडण्याचा इथे हेतू नाही. पण ओटीपोटाच्या दुखण्याला गर्भाशय, अंडाशय, अपेंडिक्स आणि मूतखडा यांच्याखेरीज पोटाची भिंत हेही एक कारण असते, हे लक्षात ठेवले तर काही अनावश्यक शस्त्रक्रिया नक्की टळतील. उजव्या बाजूच्या हर्नियात कधीकधी खुद्द अपेंडिक्सच अडकलेले सापडते. तेव्हा तर गोंधळ आणखी वाढतो.

मग ओळखायचे कसे? या पुस्तकातले तपासणीचे प्रकरण डॉक्टरांनी सर्वांत सावकाश वाचावे. रुग्णाला उभे करावे. कपडे बेंबीच्या वरपासून जांघेपर्यंत बाजूला करावेत आणि उजेड एका बाजूने पडेल असे पाहावे. समोरून पाहिले तर पोट सपाट वाटते. कडेने पाहिले तर दोन बाजूंतला बारीकसा फरक नजरेत येतो. सरळ स्नायूच्या बाहेरच्या कडेवर बोटांची पेरे ठेवून वरून खाली यावे आणि प्रत्येक ठिकाणी खोकायला सांगावे. नंतर रुग्णाला आडवे करून हाताचा आधार न घेता डोके आणि खांदे उचलायला लावावेत. स्नायू ताठ झाल्यावर पोटाच्या आतले दुखणे हाताला सहसा कमी जाणवते, भिंतीचे दुखणे तसेच राहते किंवा वाढते. एका बोटाने दाखवता येण्याजोगी दुखरी जागा या पट्ट्यात सापडली, की संशयाला आधार मिळाला. चरबीची गाठ आणि सरळ स्नायूच्या आवरणात झालेला रक्तस्राव या दोन गोष्टी अशाच भासतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर दुसरी शक्यता आधी पाहावी.

यानंतर सोनोग्राफी. चिठ्ठीवर नुसते ‘पोटाची सोनोग्राफी’ असे लिहिले तर यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे पाहिली जातात आणि ‘सर्व ठीक’ असा अहवाल येतो. ‘डाव्या बाजूच्या चंद्रकोर रेषेवर भिंतीत फट आहे का, उभे राहून व जोर लावून पाहावे’ असे स्पष्ट लिहिले तर उत्तर वेगळे येऊ शकते. पडद्यावर स्नायूंच्या पापुद्र्याची उजळ रेघ एके ठिकाणी तुटलेली दिसते आणि रुग्णाने जोर लावताच तिथून काहीतरी वर सरकते. शंका उरली तर सीटी स्कॅन करावा. त्यात तिन्ही थर सुटे दिसतात. फट केवढी आहे, पिशवीत चरबी आहे की आतडे, हेही कळते.

निदान झाले की ‘बघू पुढे’ म्हणू नये. जांघेच्या हर्नियात, त्रास नसलेल्या पुरुषाने काही काळ थांबायला हरकत नाही, असे आता चाचण्यांवरून म्हटले जाते. स्पायजेलियनला ती सवलत नाही. त्याचे तोंड अरुंद असते, बहुधा एक-दोन सेंटीमीटरचे, आणि त्याची कड टणक. आत गेलेले आतडे सहज बाहेर येत नाही. अनेक अहवालांत, शस्त्रक्रियेच्या वेळी काहीतरी अडकलेले सापडण्याचे प्रमाण पाचातल्या एकाच्या आसपास आहे. कधीकधी आतड्याच्या भिंतीचा फक्त एक भाग चिमटीत सापडतो. मार्ग पूर्ण बंद होत नाही, शौचाला होत राहते, आणि आतल्या आत तो भाग काळा पडतो. म्हणून कमरेचा पट्टा बांधून दिवस काढणे हा यावरचा इलाज नाही. पट्टा फट बुजवत नाही, फक्त दुखण्याची जाणीव लांबवतो.

आता शस्त्रक्रिया. तिचा पहिला टप्पा शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच असतो. भूल देण्याआधी, रुग्ण उभा असताना, दुखऱ्या जागेवर पेनाने खूण करायची. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण भूल चढली की स्नायू सैल पडतात, पिशवी आत सरकते आणि सर्जनसमोर उरते ते एक सपाट पोट. खूण नसेल तर शोधाशोध करण्यात चीर मोठी होते.

उघड्या पद्धतीत खुणेवर आडवी चीर घेतात. त्वचा आणि चरबी बाजूला केली की बाह्य तिरक्या स्नायूचा पांढरा, चमकदार पापुद्रा लागतो. तो अखंड असतो. नवशिक्याला वाटते की निदान चुकले. याच ठिकाणी थांबायचे नसते. बोटाने दाबून पाहिले तर पापुद्र्याखाली एक मऊ उंचवटा जाणवतो. धाग्यांच्या दिशेने पापुद्रा विलग केला की पिवळ्या चरबीची गाठ आपणहून वर येते, आणि तिच्या बुडाशी हर्नियाची पिशवी असते. पिशवी सोडवत तिच्या मानेपर्यंत जायचे. काही अडकले असेल तर पिशवी उघडून आत पाहायचे. आतड्याला चकाकी आहे का, रंग गुलाबी होतो का, त्याच्या हालचालीची लाट पुढे सरकते का, हे पाहायला कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या घड्या ठेवून काही मिनिटे थांबतात. जिवंत आतडे परत पोटात जाते, मेलेला भाग कापून दोन्ही टोके जोडावी लागतात. नंतर फट टाके घालून मिटवायची, थरांच्या मध्ये जाळी बसवायची आणि वरचा पापुद्रा शिवायचा. खालच्या बाजूने जाणारी रक्तवाहिनी या साऱ्या वेळात नजरेत ठेवावी लागते.

दुर्बिणीच्या पद्धतीत हेच काम आतून होते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून कॅमेरा घातला की अस्तर ज्या ठिकाणी छिद्रात ओढले गेले आहे ती जागा समोर दिसते. वरच्या अखंड पापुद्र्याचा अडथळा राहत नाही. दुसऱ्या बाजूलाही फट आहे का, तेही पाहून होते. अस्तर सोलून त्याच्यामागे जाळी पसरायची आणि अस्तर पुन्हा मिटवायचे. असे करण्याचे कारण म्हणजे साधी पॉलिप्रोपिलीनची जाळी उघडी राहिली तर आतडे तिला चिकटते. जाळी आतल्या बाजूनेच लावायची असेल तर न चिकटणाऱ्या थराची, महाग जाळी लागते. स्पेनमधल्या मोरेनो-एगेआ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध केली. तीत दुर्बिणीचे रुग्ण लवकर घरी गेले. मात्र त्या चाचणीत रुग्ण होते २२, आणि दुर्मीळ आजारात पुरावा असा चिमूटचिमूटच मिळतो. युरोप आणि अमेरिकेतल्या हर्निया संस्थांनी २०२० मध्ये विरळ जागांच्या हर्नियांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. स्पायजेलियनसाठी जाळी वापरावी, मग पद्धत उघडी असो वा दुर्बिणीची, असा त्यांचा कल आहे. पण पुरावा तोकडा असल्याचे त्यांनीही मान्य केले आहे. तेव्हा ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे, ती पद्धत त्याने वापरावी. दुर्बीण नाही म्हणून अडकलेला हर्निया शंभर किलोमीटर पुढे पाठवणे शहाणपणाचे नाही.

जाळीबद्दल लोकांच्या मनात भीती असते, तशीच तिच्या किमतीचीही धास्ती असते. पादुआ विद्यापीठातच एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८० च्या दशकात जांघेच्या हर्नियाची पहिली खात्रीची दुरुस्ती बसवली, ती स्वतःच्याच ऊती टाक्यांनी ओढून जोडण्याची होती. ओढलेल्या ऊतींवर ताण येतो आणि टाका हळूहळू कापत जातो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासचे फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकची विणलेली जाळी वापरात आणली. पुढे लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिख्टेनस्टाइन यांनी ताण न देता जाळी लावण्याची रीत रूढ केली. जाळीच्या छिद्रांतून शरीराची नवी ऊती वाढते आणि दोन्ही मिळून भिंतीचा भाग होतात.

या कथेत महाराष्ट्राचे दोन धडे आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा इथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महाग जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड वापरून पाहिले. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीन यांच्या मिश्र धाग्याचे ते कापड कापायचे, धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचे आणि जाळीच्या जागी लावायचे. त्यांनी आणि देशातल्या इतर ग्रामीण सर्जनांनी मिळून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये युगांडात ३०२ पुरुषांवर केलेली चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाला हर्निया पुन्हा झाला, महाग जाळीच्या गटात कोणालाही नाही. फरक नगण्य होता. दुसरा धडा पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांचा. त्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत जाळीच नाही, बाह्य तिरक्या स्नायूच्या पापुद्र्याचीच एक पट्टी वापरून जांघेची भिंत उभी करतात. हे दोन्ही प्रयोग जांघेच्या हर्नियासाठी झाले. ते जसेच्या तसे स्पायजेलियनला लावू नयेत, आणि आठवडी बाजारातली मच्छरदाणी म्हणजे जाळी असेही कोणी समजू नये. पण गरीब रुग्णाच्या खिशाचा विचार करूनही शास्त्र पुढे जाते, हे दोघांनी दाखवून दिले.

नगर जिल्ह्यात सोयींची वानवा आहे असे म्हणता येणार नाही. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, विळद घाटात दुसरे आहे, नगर शहरात जिल्हा रुग्णालय आणि बूथ हॉस्पिटलसारखी जुनी मिशनरी संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया त्यात कोणत्या रुग्णालयात बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावे. आणखी मोठी शिदोरी जामखेडची आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे सुरू केलेल्या प्रकल्पात शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या आणि गावचे आजार ओळखू लागल्या. दुखणे अंगावर काढणाऱ्या माणसाला उठवून दवाखान्यात नेणे हे काम यंत्राने होत नाही.

शस्त्रक्रिया केव्हा करावी, याचाही विचार पुस्तकात आहे. हर्निया अडकलेला नसेल तर ऊसतोड कुटुंबाला पावसाळ्याचे महिने सोयीचे : गळीत हंगाम बंद, माणसे घरी, आणि जड काम टाळायला काही आठवडे हाताशी. त्या आधी महिनाभर तंबाखू-विडी बंद, साखर ताब्यात, खोकल्यावर उपचार. नंतर दुसऱ्या दिवसापासून चालायचे, खोकताना पोटाला हाताचा आधार द्यायचा, आणि मोळी केव्हा उचलायची ते सर्जनला विचारूनच. पण दुखणे थांबत नसेल, उलट्या होत असतील, पोट फुगले असेल, वायू सरत नसेल किंवा त्या जागी कडक, हात लावू न देणारी गाठ आली असेल, तर हंगाम, लग्न, पेरणी काहीही असो, त्याच दिवशी सर्जनकडे जायचे. गाठ चोळून आत ढकलण्याचा प्रयत्न घरी करायचा नाही.

शेवटच्या प्रकरणात याचे काही भाऊबंद आहेत. कमरेच्या मागच्या बाजूला, बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये, भिंतीत दोन कमकुवत त्रिकोण असतात. खालच्याला फ्रेंच सर्जन पेती यांचे नाव आहे, वरच्याला ग्रीनफेल्ट यांचे. तिथले हर्निया स्पायजेलियनपेक्षाही विरळ असतात, आणि चरबीची गाठ समजून कापायला घेतले तर आत आतडे निघू शकते. त्यांच्यासाठी नियम तोच आहे : उभे करून तपासा, जोर लावायला सांगा, चिठ्ठीवर नेमके काय शोधायचे ते लिहा.

आता एक मागणे जिल्ह्यातल्या सर्जनांकडे. लोणीहून ‘प्रवरा मेडिकल रिव्ह्यू’ हे नियतकालिक निघते. असे रुग्णवृत्तांत छापायला जागा आहे. तरी असा रुग्ण भेटला, शस्त्रक्रिया झाली, तो बरा होऊन गावी गेला, आणि कागद फाइलमध्ये राहिला, असेच बहुधा होते. वय, बाजू, किती दिवस दुखत होते, आधी काय निदान झाले होते, फट केवढी होती, आत काय होते, जाळी कोणती लावली, वर्षाने काय स्थिती आहे, या आठ ओळी प्रत्येकाने लिहून ठेवाव्यात. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरा तक्ता दिला आहे. पाच-दहा वर्षे हे तक्ते भरले गेले तर हा हर्निया नगर जिल्ह्यात खरोखर किती दुर्मीळ आहे, हे परदेशी टक्केवारीवर विसंबून सांगावे लागणार नाही. माझा अंदाज असा की आकडा आज वाटतो त्यापेक्षा मोठा निघेल. तो अंदाज खरा की खोटा, हे या पुस्तकाच्या वाचकांनी ठरवायचे आहे.